‘शंभर किलोला हात लावलेला नसावा’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

‘एक स्पष्टवक्ता’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकाची प्रतिक्रिया परवा रात्री पावणेबाराला आली. वेळ एवढ्यासाठी सांगतोय की ती वाचून मी दीड वाजेपर्यंत जागा होतो. तिथल्या तिथे चार ओळी लिहायला बसलो, त्या लांबत गेल्या, म्हणून वेगळं टाकतो. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: मनापासून वजन उचलणाऱ्यांसाठी ठाण्यात जिम काढायचं ठरलं तर ते कसं असावं, असा तो विषय होता. तळमजला, चार प्लॅटफॉर्म (वजन उचलायचे आणि टाकायचे चौथरे), चांगले बार, आरसे नकोत, एसी नको. त्यावर स्पष्टवक्तेसाहेब लिहितात:

‘लेख मोठा, माहिती पुस्तकी. दहा दहा प्लॅटफॉर्म काय, तळमजला काय, वाचून वाटलं की लेखकाने स्वतः कधी शंभर किलोला हात लावलेला नसावा. घोडबंदरला तळमजल्याचा गाळा काय भावाने मिळतो ते बघा जरा. आमचं जिम दुसऱ्या मजल्यावर आहे आणि व्यवस्थित चालतं. मे महिन्यात एसीशिवाय तिथे कोण थांबणार? बायकांसाठी अख्ख्या लेखात एक ओळ नाही. आणि हो, पंधराची प्लेट हिरवी नसते, पिवळी असते.’

प्रथम, वेळ काढून वाचलंत, लिहिलंत, आभार.

पंधराची प्लेट पिवळी, हे अगदी बरोबर. लाल २५ किलोची, निळी २०, पिवळी १५, हिरवी १०. माझी गल्लत झाली, लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी ती मान्य करतो, हे जुने वाचक सांगतील.

पण दहा प्लॅटफॉर्म मी कुठे म्हटले? चार म्हटले होते. दुसऱ्याच परिच्छेदात आहे. एवढा स्पष्टवक्तेपणा करायचा तर आधी लेख तरी पुरता वाचावा, ही माफक अपेक्षा. आणि ‘बघा जरा’ ही काय बोलण्याची पद्धत? आपली ना ओळख ना पाळख. व्यायामशाळेत नवा माणूस आला तर तो आधी मारुतीला नमस्कार करतो, वस्तादांना करतो, मग कोपऱ्यात दंड मारायला लागतो. आल्या आल्या दुसऱ्याचा स्क्वॉट कसा चुकतोय ते सांगत नाही. असो.

आता तो शंभर किलोचा मुद्दा.

१९९५ साली मी कळव्याच्या एका व्यायामशाळेत जायला लागलो. पत्र्याचं छप्पर, खाली शहाबादी फरशी, चपला दाराबाहेर. तिथला रॉड (‘बार’ म्हणायला आम्ही फार नंतर शिकलो) वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात लेथवर काढलेला होता. साधं माइल्ड स्टील, वर नर्लिंग (पकडीसाठी कोरलेली खरखरीत नक्षी) इतकं धारदार की पहिल्या आठवड्यात तळहाताची सालं निघायची. प्लेटा थेट रॉडवर चढवायच्या. टोकांना फिरणारी स्लीव्ह हा प्रकारच नव्हता. ज्यांनी क्लीन (बार जमिनीवरून थेट खांद्यावर घेणं) मारला आहे त्यांना कळेल मी काय सांगतोय. बार खांद्यावर घेताना कोपरं झटक्यात पुढे येतात, तेव्हा दांडा हातात फिरावा लागतो. चांगल्या बारची टोकं बुशवर किंवा बेअरिंगवर असतात ती त्याचसाठी: दांडा फिरला तरी प्लेटांना फिरावं लागत नाही. आमच्या रॉडवर प्लेटांसकट सगळंच फिरवायला लागायचं, आणि ते ज्याने फिरवायचं ते होतं माझं मनगट. डावं अजून पावसाळ्यात बोलतं.

वजन वाढलं की तो रॉड वाकायचा. मग दर रविवारी बाक वर करून रॅकवर ठेवायचा आणि त्यावर स्क्वॉट मारून मारून सरळ करायचा. हे काम वस्ताद माझ्याकडे द्यायचे, कारण तेवढं वजन घेणारे आम्ही तिघंच होतो. त्याच रॉडवर १९९९ साली मी १४० किलोचा स्क्वॉट मारला आहे. पूर्ण बसून, अर्ध्यावरून उठून नाही. डेडलिफ्ट १६५. तेव्हा शंभर किलोला हात, खांदा, पाठ, सगळं लावून झालेलं आहे साहेब, आणि तेही तुम्ही ज्याला पुस्तकी म्हणता ते पुस्तक हातात नसताना.

खरं सांगायचं तर (आणि हे लिहू की नको म्हणून मी काल दिवसभर घोळवत होतो) डोक्यावर शंभर कधी गेले नाहीत. क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यावर, मग झटक्यात डोक्यावर) माझे सर्वांत जास्त साडेसत्त्याण्णव. तुमच्या वाक्याने मला झोप लागली नाही त्याचं कारण हे असेल तर असू दे. पण ते अडीच किलो कुठे अडले, हेच तर मूळ लेखात होतं. मी ते स्वतःच्या नावाने सांगितलं नव्हतं, इतकंच.

२००१मध्ये मी नौपाड्यातल्या एका जिममध्ये गेलो. नाव घेत नाही. पहिला मजला, चकचकीत, आरसेच आरसे. बार मात्र खरा होता, फिरणारा, २८ मिलिमीटरचा, २० किलोचा. मला सोनं सापडल्यासारखं झालं. दुसऱ्या आठवड्यात ९० किलो डोक्यावर घेतले, तोल मागे गेला, आणि जे कोणीही करेल ते केलं: बार सोडून दिला, पुढे उडी मारली. बार पडला. क्षणभर सगळं जिम गप्प. मग जिन्यावर पावलं वाजली आणि दारात खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य उभे. एका हातात रबरी हातमोजा, दुसरा हात उघडा, केसांत गिलाव्याचा चुरा. खुर्चीत पेशंट तसाच आ करून ठेवून आले होते. ते काही बोललेसुद्धा नाहीत, नुसते बारकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी पाटी लागली: ‘वजन आपटू नये. दंड ५०० रुपये.’ तेव्हाचे पाचशे. त्यानंतर तिथली चार वर्षं मी प्रत्येक जर्क डोक्यावरून परत खांद्यावर झेलून, मांडीवर टेकवून, बाळाला पाळण्यात ठेवावं तसा जमिनीवर ठेवला. ८० किलोपर्यंत हे जमतं. ९५ला बार वर जाण्याआधीच डोक्यात विचार सुरू होतो की हा खाली कसा आणायचा. तो विचार आला की उचल संपली. पाय अर्धवट फाकतात, कोपर लॉक होत नाही. साडेसत्त्याण्णव एकदा गेले, शंभर सात वेळा चुकले. साती वेळा मी घाबरून चुकलो, ताकद कमी पडून नव्हे.

म्हणून माझ्या लेखी जिमची पहिली अट बार नाही, रॅक नाही, ट्रेनर तर नाहीच. वजन बिनधास्त टाकता आलं पाहिजे. चुकता आलं पाहिजे. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरचं बघा. २०२२, बर्मिंगहॅम, ५५ किलो गट. स्नॅच (जमिनीवरून एका दमात डोक्यावर) ११३, क्लीन अँड जर्क १३५, एकूण २४८, रौप्य. सुवर्ण एका किलोने हुकलं. पण त्याचे शेवटचे दोन्ही प्रयत्न १३९ किलोचे होते आणि दोन्ही चुकले, त्यात कोपर दुखावलं. राष्ट्रकुल पदकविजेता भर स्पर्धेत दोनदा बार टाकतो. मग सरावात किती टाकत असेल? त्याच्या डोक्यावर पाचशे रुपयांची पाटी लावा आणि मग १३५ जातात का बघा. (आता मीही ‘बघा’ म्हटलं. फिटंफाट.)

तुमचं दुसऱ्या मजल्याचं जिम ‘व्यवस्थित चालतं’, म्हणजे नक्की काय चालतं? फी जमा होते, ते मान्य. माझा मेहुणा सिव्हिलवाला आहे, त्याच्याकडून हिशेब समजून घेतला होता, तो देतो. १०० किलोचा बार डोक्यावरून साधारण १.८ मीटर खाली येतो. रबरी प्लेटा (बंपर) आणि खालची जमीन मिळून तो समजा ५ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर थांबतानाचा सरासरी जोर वजनाच्या छत्तीसपट. म्हणजे साडेतीन टनांच्या आसपास. राहत्या घराच्या स्लॅबला आपल्याकडे चौरस मीटरला २०० किलो धरतात. व्यापारी गाळ्याला जास्त धरतात, हो, आणि क्षणभराचा धक्का म्हणजे कायमचा भार नव्हे, हेही मेहुण्याने सांगितलं. स्लॅब लगेच कोसळणार नाही. पण रोज संध्याकाळी चाळीस वेळा हा धक्का देऊन बघायची माझी तयारी नाही, आणि खालच्या माणसाची तर नसणारच.

तळमजल्यावर हाच प्रश्न हजारो नाही, थोडक्या रुपयांत सुटतो, असं लिहिणार होतो. पण थोडके नाहीत. सध्या आम्ही पाच जण वागळे इस्टेटमध्ये एका मित्राच्या गाळ्याच्या मागच्या भागात उचलतो. पुढे त्याचं पॅकिंगचं काम चालतं. तिथला प्लॅटफॉर्म आम्ही स्वतः केला: आठ बाय चारच्या मरीन प्लायच्या दोन शीट आडव्या, त्यावर दोन उभ्या, वर मध्यभागी पाय ठेवायला एक शीट, आणि दोन्ही बाजूंना दोन दोन फूट त्याच जाडीचं रबर, जिथे प्लेटा पडतात. जाडीत दोन मिलिमीटरचा फरक राहिला होता, तर बार दर वेळी डावीकडे गडगडत जायचा. तो काढण्यात दोन रविवार गेले. साधं प्लाय घेऊ नका, पहिल्याच पावसाळ्यात फुगतं.

भाड्याचं म्हणाल तर मी ‘आदर्श’ जिमबद्दल लिहीत होतो. परवडणारं जिम हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

एसीबद्दल. बंद खोलीत एसी लावला की पोरं हाताला चॉक (घामाने पकड सुटू नये म्हणून लावायची पांढरी पावडर) लावणार, चॉक उडणार, एसीच्या जाळीत बसणार, आणि मालक आठ दिवसांत चॉकवर बंदी घालणार. हे मी दोन ठिकाणी भोगलं आहे. एका ठिकाणी तर ‘पांढरी पावडर’ म्हणून माझी बॅग तपासली. मोठे पंखे आणि एक्झॉस्ट पुरतात. घाम येतो, हो. ठाण्यात येतोच. बार मात्र जपायला लागतो, आपल्या दमट हवेत जूनपासून तांबडा पडायला लागतो. नायलॉनच्या ब्रशने नर्लिंगमधला चॉक काढायचा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा.

आरशांवर तुम्ही काही म्हटलेलं नाही, तेव्हा तो मुद्दा तुम्हाला पटला असं धरतो.

बायकांसाठी ओळ नाही, हा आरोप मला खरंच लागला. २०००मध्ये सिडनीला बायकांचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं आणि कर्णम मल्लेश्वरीने २४० किलो उचलून कांस्य आणलं, तेव्हा कळव्याच्या व्यायामशाळेत पेपरमधला तिचा फोटो मारुतीच्या बाजूला चिकटवणारा मी होतो. वस्ताद रागावले होते. तेव्हा मला हे शिकवू नका. बायकांचा बार १५ किलोचा आणि २५ मिलिमीटरचा असतो, तो जिममध्ये हवाच. तो मी गृहीत धरला होता. माझी भाची आमच्या गाळ्यावर येते, ती सध्या वीसच्याच बारवर उचलते, आणि अंगठा दाबून धरायची पकड तिला त्या जाड दांड्यावर नीट बसत नाही. परवा तुमची प्रतिक्रिया तिला वाचून दाखवली तर म्हणाली, ‘मामा, शेवटून दुसरं वाक्य बरोबर आहे.’ पंधराचा बार घ्यायचा आहे, वर्गणी जमतेय.

बाकी तुमचा राग नाही. वागळेला कधी आलात तर या, चहा पाजू, बार मोकळा असेल तर उचला, हवं तिथून टाका. फक्त एवढं कळवा: तुमच्या त्या जिमच्या खाली, पहिल्या मजल्यावर, काय आहे?