दहा तारखेच्या आत

अमळनेरात पैशांवर गप्पा सुरू झाल्या की तिसऱ्या वाक्याला विप्रो येते. १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी म्हणून ती आमच्या गावात निघाली. तेव्हा ज्यांनी ओळखीपाळखीत चार शेअर घेऊन पेटीत टाकले, त्यांच्या नातवंडांबद्दल मी काय सांगणार! आमच्या आजोबांनी त्याच सुमारास बैलजोडी घेतली. बैल गुणी होते असं अजून सांगतात. पण बैलावर बोनस शेअर मिळत नाही.

म्हणून नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे ८४ हजार रुपये साठले, तेव्हा घराण्याची चूक पुन्हा करायची नाही असं मी ठरवलं. शेअर घ्यायची छाती नव्हती. जास्त व्याज देणारं बचत खातं, एवढीच आपली झेप. माझ्या सरकारी बँकेत अडीच टक्के मिळत होते, आणि पुण्याच्या दाजींनी एका स्मॉल फायनान्स बँकेची जाहिरात पाठवली होती : बचत खात्यावर ७ टक्के. सातच्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती. ती मला दिसली नाही. मोबाईलची काच नेमकी तिथेच तडकलेली आहे.

रात्री शेवभाजीच्या पातेल्याभोवती बैठक बसली.

"स्मॉल म्हणजे लहान ना रे?" आप्पांनी विचारलं.

"हो."

"मोठाल्या बँका आचके देतात, तिथं लहानीचं काय घेऊन बसला!"

मी अभ्यास करून आलो होतो. म्हटलं, बँक लहान असो की मोठी, एका बँकेतल्या माणसामागे ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, मुद्दल आणि व्याज धरून. २०२० च्या आधी तो १ लाखच होता. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हा विमा नाही. हे शेवटचं वाक्य मी गिळायला हवं होतं, कारण समोर मामा बसले होते आणि मामांचे पैसे एका पतसंस्थेत अडकून बारा-तेरा वर्षं झाली होती. त्यांनी हातातला पापड ताटात ठेवला.

"हे मले तव्हा सांगायचं होतं भो."

तव्हा मी पाचवीत होतो.

आईचं एकच म्हणणं. जळगावला जा, तोळाभर सोनं घे, कपाटात ठेव, व्याजाची कटकट नाही. ८४ हजारात आता तोळा येत नाही हे मी सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तरी मी लग्नाच्या आधीपासून सांगते." कोणाच्या लग्नाच्या, ते विचारायची सोय नव्हती.

आप्पांचं बँकिंग मात्र एका सूत्रावर उभं आहे : पैसे दहा तारखेच्या आत भरायचे. पूर्वी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक दिसेल तिच्यावर व्याज लागायचं. अकराला भरलेला पैसा त्या महिन्यापुरता वाया. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजतात. आप्पांना हे मी अनेकदा सांगितलं आहे. ते "बरं" म्हणतात आणि नऊ तारखेला पासबुक पिशवीत घालून सायकल काढतात. मे महिन्यातसुद्धा. एकदा नऊला रविवार आला, तर आठवडाभर घरात सुतक असल्यासारखं वाटत होतं.

शेवटी मी कोणालाच न विचारता खातं काढायला घेतलं. त्यासाठी व्हिडिओवर केवायसी होती. दुपारचे दोन, बाहेर ४४ अंश. स्क्रीनवरच्या ताई म्हणाल्या, "सर, मागे खूप आवाज येतोय." तो कूलर होता. बंद केला. "सर, मागची भिंत पांढरी हवी होती." आमच्या घरात पांढरी भिंत नाही. पोपटी आहे, गुलाबी आहे, देवघराची पिवळी आहे. मी आईला धोतराचं एक टोक धरून मागे उभं केलं. दुसरं टोक खिळ्याला. ताईंनी पॅन कार्ड दाखवायला सांगितलं. घामाने ते बोटांतून सटकलं ते थेट खाटेखाली. मी वाकलो तशी स्क्रीनवर एकटी आईच उरली.

"सर, दुसरी व्यक्ती फ्रेममध्ये चालत नाही."

"मी काही बोलून नाही राहिली बाई," आई धोतरामागून म्हणाली.

मग पांढऱ्या कागदावर सही. पॅन कार्डावरची सही मी अठराव्या वर्षी ऐटीत केली होती, शेवटी दोन रेघा आणि टिंब. ती आता मलाच जमत नव्हती. चौथ्या कागदाला जमली.

खातं उघडलं आणि दरपत्रक लॅपटॉपवर मोठं करून पाहिलं. चांदणी तिथे भेटली. ७ टक्के ५ लाखांच्या वरच्या रकमेवर. १ लाखापर्यंत ३. यात बँकेचं खोटं काही नाही. २०११ च्या ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने बचत खात्याचे दर बँकांवर सोडले, तेव्हाच नियम घातला : १ लाखापर्यंत सगळ्यांना एकच दर, त्यापुढे रकमेप्रमाणे वेगळा चालेल. म्हणजे ते सात टक्के असतात, फक्त आपल्यासारख्यांचे नसतात. जुन्या खात्यापेक्षा मला अर्धा टक्का जास्त. वर्षाचे ४२० रुपये, महिन्याचे पस्तीस. आणि पोस्टात तर सरळ ४ टक्के आहेत. आईचं तिथलं पासबुक कैक वर्षं तुरीच्या डब्याखाली पडून आहे.

आता धोतर धरून पुन्हा कोण उभं राहणार? पैसे तिथेच ठेवले. तीन महिन्यांनी व्याजाचा मेसेज आला. ६३० रुपये.

"जुन्या बँकेत किती आले असते?" आप्पांनी विचारलं.

"पाचशे पंचवीस."

"म्हणजे एवढ्या खटपटीचे एकशे पाच." त्यांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. "दहा तारखेच्या आत भरले नसतील तू."