बाजू काढून द्या

घरात दहावी असली की फेब्रुवारीपासून त्या घरात मोठ्याने शिंकायचीही चोरी होते. टीव्हीवर चादर पडते, पाहुण्यांना "पेपर झाल्यावर या ना बाप्पा" असं गोड शब्दांत परतवलं जातं, आणि बापाला न मागता बढती मिळते: तो गणिताचा मास्तर होतो. बीजगणिताचे 40, भूमितीचे 40. शिकवणीची फी भरूनही त्यातलं जे डोक्यात शिरलेलं नसतं, ते रात्रीच्या जेवणानंतर घरच्या मास्तराकडे येतं. माझ्याकडे ते काटकोन त्रिकोण होऊन आलं.

"बाबा, बाजू काढून द्या."

एका बाजूवर 14 लिहिलेलं, उरलेल्या दोघींवर क्ष आणि य. आता आकृती समोर छापलेली आहे, पट्टी दप्तरात आहे. मोजावं आणि झोपावं. मी तसं सुचवलं.

"बाबा, त्यात 14 पण 14 नाही आहे. लावून पाहा पट्टी, साडेतीन भरते."

म्हणजे जी बाजू दिली तीही खरी नाही, आणि तिच्या भरवशावर बाकीच्या दोन खऱ्या काढायच्या. ऑफिसात मी इतकी वर्षं हेच करतो, फक्त तिथे त्याला अंदाजपत्रक म्हणतात.

हे त्रिकोण येतात कुठून, ते पाहायचं असेल तर कंपासपेटी उघडावी. आमची पेटी पत्र्याची. झाकणाला आतून वेळापत्रक चिकटवलेलं, त्यावर शाई सांडलेली. कर्कटकाचं टोक वाकलेलं, कारण त्याचा मुख्य उपयोग बाकावर नाव कोरणं हा आहे. कोनमापकाचे पहिले तीस अंश घासून नाहीसे झालेले. एक चिंचोका, बोरकुटाची एक रिकामी पुडी, आणि तळाशी दोन गुण्ये, अगदी कोरे. पट्टी झिजते, पेन्सिल संपते, गुण्या मात्र पाचवीत घेतला तसाच दहावीत निघतो. नीट पाहिलं तर आपले आरोपी हेच दोघं. एकाचे कोन 45, 45, 90. दुसऱ्याचे 30, 60, 90. पेटी बनवणाऱ्याने बोर्डाचं उत्तर आत घालून दिलंय आणि पोट्टे त्याच्या कडेने खोडरबर कापतात.

चौरस कर्णावर कापला की पहिला मिळतो. दोन बाजू सारख्या, कर्ण त्यांच्या √2 पट. समभुज त्रिकोण शेंड्यापासून पायापर्यंत मधोमध चिरला की दुसरा मिळतो. पाया निम्मा झाला, म्हणून 30 अंशांच्या समोरची बाजू कर्णाच्या निम्मी. आणि 60 च्या समोरची, त्या लहानीच्या √3 पट. इतर काटकोन त्रिकोण दोन बाजू घेतल्याशिवाय पायथागोरसलाही तिसरी सांगत नाहीत. हे दोघं एकाच बाजूवर सगळं बोलून मोकळे होतात. स्वभावाने साधे आहेत बिचारे.

फक्त दिलेली बाजू कोणत्या कोनासमोर बसली आहे, ते आधी पाहावं लागतं. सगळा घोळ इथेच. 30-60-90 मध्ये 14 हा कर्ण असला तर उत्तरं 7 आणि 7√3. तेच 14 जर 30 च्या समोर असले तर 14√3 आणि 28. आणि 60 च्या समोर असले तर लहान बाजू येते 14 भागिले √3, आणि तिथून पुढे रात्र वैऱ्याची.

"झालं ना उत्तर," मी म्हटलं.

"नाही. छेदात करणी, म्हणजे हे रूट, ठेवली तर मार्क कापतात. परिमेयीकरण करा."

मग वर-खाली √3 ने गुणा, म्हणजे 14√3 भागिले 3. दोन्हींची किंमत तीच, आठ पूर्णांक शून्य आठच्या आसपास. एका पैशाचा फरक नाही. पण √3 खाली बसलेला चालत नाही, वर बसलेला चालतो. मी यावर तात्त्विक चर्चा सुरू केली होती. लसूण सोलत बसलेली माझी आई तेवढ्यात म्हणाली, "पोट्टीले मार्क भेटत असतील तर घेऊन टाक ना रे वर, तुह्यं काय जाऊन राह्यलं?" भूमितीवर इतकं व्यवहारी भाष्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

काही प्रश्न काढणारे दयाळूही असतात. ते 60 च्या समोर 6√3 देतात, मग लहान बाजू 6, कर्ण 12, सगळं सुटसुटीत. अशा माणसाचं घर कुठे आहे ते कळलं तर मी संत्रा बर्फीचा डबा घेऊन जाईन.

शिड्यांबद्दल मात्र मला बोललंच पाहिजे. पुस्तकातली शिडी नेहमी जमिनीशी 60 अंशांचा कोन करते. 10 फुटांची असली तर तिचा पाय भिंतीपासून 5 फूट लांब आणि टोक 8.66 फुटांवर. तिच्यावर कुणी चढलेलं कधी दाखवत नाहीत, आणि ते शहाणपणाचंच आहे, कारण इतकी पसरलेली शिडी गुळगुळीत फरशीवर केव्हा पाय काढेल त्याचा नेम नाही. सुरक्षित शिडीचा हिशोब असा की चार फूट वर जायचं तर एक फूट बाहेर. तो कोन येतो साधारण 76 अंश. पण 76 चं उत्तर तोंडी निघत नाही, म्हणून त्या शिडीला पुस्तकात जागा नाही. परीक्षेत घसरून कुणाला लागत नसेल बहुतेक.

तेवढ्यात मार्च लागला, आणि मार्च लागला की नागपुरात अभ्यासाच्या बरोबरीने कूलर निघतो. माळ्यावरून पंप उतरतो, ताट्यांचं जुनं गवत फेकलं जातं, टाकीला रंग. खिडकीबाहेरचे ब्रॅकेट यंदा इतके गंजले होते की पाणी भरलेला कूलर त्यावर ठेवणं म्हणजे खालच्या मजल्यावरच्या काकूंशी कायमचं वैर. वेल्डर बोलावला. त्याने लोखंडी अँगलचे तुकडे अंगणात टाकले, खडूने खुणा केल्या: दीड फूट उभा, दीड फूट आडवा, आणि दोघांना धरणारी एक तिरपी पट्टी.

खिडकीत वही घेऊन बसलेली लेक ओरडली, "बाबा! 45-45-90!" महिनाभर ज्या त्रिकोणाला ती शिव्या घालत होती, तो ओळखीचा माणूस बाजारात भेटावा तसा तिला अंगणात भेटला. तिने घाईघाईने आकडेमोड केली आणि वरूनच उत्तर दिलं, "काका, तिरपी पट्टी अठरा रूट दोन इंच कापा."

वेल्डरने हातातला टेप उलटसुलट करून पाहिला. "टेपावर कुठं राह्यते ते?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि कुणाकडे असेल असं वाटतही नाही. √2 ही संख्या टेपावर कुठल्याच रेषेवर बसत नाही, कितीही बारीक रेषा मारल्या तरी. अपरिमेय आहे ती. पण हे बारा वाजताच्या उन्हात ग्राइंडर धरून उभ्या असलेल्या माणसाला सांगायची वेळ नव्हती. त्याने थांबूनही घेतलं नाही. "फुटाले सतरा इंच पकडाचे, ताई. दीड फुटाले साडेपंचवीस," म्हणाला, खूण केली, आणि ठिणग्या उडाल्या.

लेकीने वहीत 18 ला 1.4142 ने गुणून पाहिलं. 25.4556. म्हणजे त्याची पट्टी चार शतांश इंच जास्त; मिलिमीटरमध्ये सांगायचं तर एकाहून जरासं वर. तिने ते त्याला सांगितलं, कारण दहावीच्या पोरांना समोरच्याची चूक सापडल्यावर राहवत नाही.

"तेवढं तं पातंच खाते," तो म्हणाला.

"तुम्हाला कोणी शिकवलं हे?"

"उस्तादनं."

"आणि त्यांना?"

"त्याहीच्या उस्तादनं."

पट्टी खटकन बसली. गुण्या लावून पाहिला, काटकोन पक्का. लेकीचा चेहरा थोडा पडला, कारण तिचं उत्तर जास्त बरोबर असूनही पट्टी त्याच्याच उत्तराने बसली होती.

ही उस्तादांची साखळी किती मागे जात असावी? बौधायनाच्या प्राचीन शुल्बसूत्रात यज्ञाच्या वेदी दोरीने आखायचे नियम आहेत, आणि चौरसाचा कर्ण काढायची रीतही आहे. बाजू घ्या, तिच्यात तिचा तिसरा हिस्सा मिळवा, मग त्या हिश्शाचा चौथा हिस्सा मिळवा, आणि शेवटी त्या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. हे 577 भागिले 408 येतं, म्हणजे 1.4142157. खरी किंमत 1.4142136. दोरीच्या कामात इतकं नेमकं! आता यातली शेवटची वजाबाकी सोडून द्या. एक, त्यात एकतृतीयांश, त्यात एकबारांश: सतरा भागिले बारा. फुटाला सतरा इंच. आमचा वेल्डर बौधायनाच्या तीन पायऱ्या तोंडपाठ घेऊन आला होता. चौथी पायरी 18 इंचांना किती होते ते मी मुद्दाम काढलं: इंचाचे साधारण चार शतांश. म्हणजे बौधायनाने जो भाग वजा करायला सांगितला, नेमका तेवढाच ग्राइंडरच्या पात्याने खाल्ला. मी हे बायकोला रात्री झोपेतून उठवून सांगितलं. ती म्हणाली, कूलरचा पंप आवाज करून राहिला, तो आधी पाहा.

माझा उत्साह पाहून लेकीला वाटलं की आता भूमितीच्या नावावर एखादी सहल निघू शकते. रविवारी सकाळी तर्री पोहे खाऊन आम्ही विधानभवनाजवळच्या झिरो माइलच्या खांबाकडे गेलो. चार घोडे आणि एक दगडी खांब. येताजाता इतक्यांदा पाहिलेला, की त्याच्याकडे कुणी पाहत नाही. देशाच्या ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी या दगडाचं नाव जोडलं जातं, ते म्हणजे हाच प्रश्न खंडभर पसरवलेला: बाजू काढून द्या. 1802 साली ते सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्टनने मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक रेषा साखळीने मोजली. पुढे त्या एका बाजूवर त्रिकोण, त्याच्या बाजूवर दुसरा त्रिकोण, असं डोंगरामागून डोंगर. कोन मोजायचे, बाजू कागदावर काढायच्या. कोन मोजायचं यंत्रच जवळपास अर्ध्या टनाचं. आमच्या घरी कोनमापक शोधायला अर्धा तास लागतो, आणि त्या लोकांनी ते यंत्र माणसांच्या खांद्यांवरून डोंगरांवर चढवलं.

"त्यांना 30-60-90 भेटले असतील का?" लेकीने विचारलं.

मला नाही वाटत. डोंगर काही गुण्या लावून उभे राहत नाहीत. त्यात पृथ्वी गोल, त्यामुळे इतक्या मोठ्या त्रिकोणात तीन कोनांची बेरीज 180 च्या किंचित वर जाते, आणि ते किंचितही हिशोबात घ्यावं लागतं. हे ऐकून लेक जागीच थांबली. "बेरीज 180 पेक्षा जास्त? हे सरांना नका सांगू, ते हेही शिकवतील."

लॅम्टन मद्रासकडून त्रिकोण जोडत जोडत वर आला, नागपूरला ठाणं हलवायला निघाला, आणि जानेवारी 1823 मध्ये वाटेत हिंगणघाटला वारला. आमच्या आजोळचं हिंगणघाट. नागपूर दीडदोन तासांवर राहिलं होतं, आजच्या एसटीच्या हिशोबाने. इतक्या बाजू काढलेल्या माणसाची शेवटची बाजू राहून गेली, याचं मला खरंच वाईट वाटलं. लेकीला त्याच्या यंत्राचं वाईट वाटलं. पोरांचं काही सांगता येत नाही.

भूमितीच्या पेपराला केंद्राबाहेर कडुनिंबाखाली बापांचा आणि आयांचा मोठा घोळका जमला होता. सगळ्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या, काहींच्या डोक्यावर हेल्मेट तसंच. पहिला पोट्टा बाहेर आला आणि सायकल काढता काढता ओरडून गेला, "चौदाचा त्रिकोण आला होता!"

बस. हेल्मेटवाले म्हणाले, "सात. चौदाचे निम्मे सात, त्यात काय?" शेजारचे चष्मेवाले म्हणाले, "सात रूट तीन. माझ्या मुलाकडून पन्नास वेळा करून घेतलं आहे." हेल्मेटवाल्यांनी जमिनीवर काडीने त्रिकोण काढला. चष्मेवाल्यांनी तो चपलेने पुसून दुसरा काढला. तिसऱ्या एका गृहस्थांनी "छेदात करणी ठेवायची नाही हं" असा इशारा दिला, तिथे छेदच नव्हता तरी. दोन गट पडले, आवाज चढले, गेटवरचा शिपाई दोनदा बाहेर येऊन गेला. तोंडाला ओढणी बांधलेल्या एक काकू बराच वेळ ऐकून घेत होत्या. शेवटी ओढणी खाली करून त्यांनी विचारलं, "अहो पण चौदा होते कोणत्या कोनासमोर?"

कुणालाच माहीत नव्हतं. तेवढ्यात माझी लेक प्रश्नपत्रिका घेऊन आली. सगळे त्या कागदावर वाकले. चौदा कर्णावर होते, आणि दोन्ही लघुकोनांत छापलं होतं 45.

"सात रूट दोन," लेक म्हणाली, "सोपा होता." आणि मैत्रिणींसोबत बर्फाच्या गोळ्याच्या गाडीकडे निघून गेली.

खाली मातीत दोन 30-60-90 तसेच पडून होते. चष्मेवाल्यांनी चष्मा पुसला. हेल्मेटवाल्यांनी घसा खाकरून मला विचारलं, "पुढचा विज्ञान भाग एकच ना? प्रकाशाचं अपवर्तन तुमच्याकडे कोण घेते?"