दत्तकपत्रावर व्हिसा: इंदूरच्या ग्रुपांवरील मेसेजबद्दल खुलासा

“अमेरिकेतल्या काका-मामाच्या नावे दत्तकपत्र करा, नोटरी करा, मुलाला लगेच व्हिसा” असा मेसेज रामबाग, सुदामानगरच्या मराठी ग्रुपांवर फिरतो आहे. हे खरे नाही. कृपया पुढे पाठवू नका.

नात्यातले मूल परदेशी दत्तक देता येते, हे खरे. बाल न्याय कायद्यात काका, आत्या, मामा, मावशी आणि आजी-आजोबा हे नातेवाईक धरले आहेत. पण मूल देशाबाहेर न्यायला ‘कारा’चे, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचे ना-हरकत पत्र लागतेच. हिंदू दत्तक कायद्याने, होमहवन करून दत्तकविधान झाले असले तरीही. 2021 च्या दुरुस्तीनंतर बाल न्याय कायद्याखालचा दत्तक आदेश कोर्टाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. आपल्याकडे म्हणजे मोती तबेल्याचे कलेक्टर ऑफिस.

खरी मेख क्रमात आहे. भारत आणि अमेरिका दोघेही 1993 च्या हेग करारात, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात मूल दत्तक देण्याबाबतच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत. त्यामुळे तिथल्या काकांच्या घराची पाहणी, तिथल्या इमिग्रेशन खात्याची मंजुरी हे आधी, दत्तक नंतर. इथे घाईने कागद करून मोकळे झाले, की तिकडचा अर्जच अडकतो. मूल इकडे, कागदोपत्री आई-बाप तिकडे, आणि मधे लेकराची फरफट. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते.

पाच वर्षांवरील मुलाची स्वतःची संमतीही लागते. मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही.

कोणाच्या घरी असा विचार चालला असेल, तर एजंटाला पैसे देण्याआधी जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा.