‘सोलापुरात बसून’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मंडळी,

‘25 हजारांत बेस गिटार’ या माझ्या लेखाखाली ‘लो-एंड’ असं टोपणनाव घेतलेल्या एका वाचकानं भली मोठी प्रतिक्रिया टाकली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रिसिजन बेस या गाजलेल्या मॉडेलचं साल चुकलंय. अ‍ॅम्पचा (बेसचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीचा) खर्च बजेटात धरलेला नाही. सेटअप, म्हणजे तारा-नेकची जुळवणी, कुठल्याही चांगल्या लुथियरकडे (गिटार बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) होतो, पण त्याचे पैसे लेखकानं मोजलेच नाहीत. सेकंडहँड घ्या म्हणता, मग नवशिक्यानं नेक (बेसची लांब मान) तपासायचा कसा? शॉर्ट स्केलचा (आखूड तारांच्या बेसचा) किंवा पाच तारांच्या बेसचा उल्लेख नाही. लेखकानं सुचवलेला बेस म्हणजे ‘जुनाट आवड’. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: ‘सोलापुरात बसून बेसवर सल्ले द्यायला धाडस लागतं, बाकी लेखात काही नाही.’

सालाची चूक मान्य. लिओ फेंडर या अमेरिकन गिटार-निर्मात्याचा प्रिसिजन बेस 1951चा, मी 1950 लिहिलं. त्याची सॉलिड बॉडीची इलेक्ट्रिक गिटार 1950ला आली, त्यात माझी गल्लत झाली. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली म्हणून मला राग येत नाही, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे.

पण ‘सोलापुरात बसून’ म्हणजे काय हो? उभं राहून दिले असते तर चालले असते?

आपण स्वतः कुठं बसता ते लिहिलेलं नाही. पण ‘कुठल्याही चांगल्या लुथियरकडे’ हे शब्द ज्या सहजपणे पडलेत, त्यावरून अंदाज येतो. माझा पहिला बेस मी 2004 साली पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसनं आणला, गर्दीत मांडीवर उभा धरून. कुर्डुवाडीला एका आजोबांनी विचारलं, तंबोरा का? मी हो म्हणालो. बेस म्हणजे काय हे सांगायला सोलापूरपर्यंतचा वेळ पुरला नसता. आमच्याकडे बेस म्हणजे मिरवणुकीत छाती हादरवतो तो.

घर पूर्व भागात. खाली यंत्रमाग, वर आम्ही. वडील मागावर. दिवसभर खटखट, त्यात बिनअ‍ॅम्पचा बेस काय ऐकू येणार? म्हणून मी बॉडीचं वरचं शिंग हनुवटीला टेकवून वाजवायचो. आवाज कानातून नाही, हाडातून येतो. वाचक म्हणतील, हौस. पण त्या हौसेतून मला जे कळलं ते दुकानात 1 तास घालवून कळत नाही. ‘जी’ (G) स्वराच्या तारेवर पाचव्या-सातव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) आसपास एखादा स्वर वाजतो आणि लगेच विरून जातो, शेजारचे मात्र लांबतात. याला डेड स्पॉट म्हणतात, आणि चांगल्या महागड्या बेसमध्येही तो असू शकतो. अ‍ॅम्पच्या दणक्यात तो लपतो, हनुवटीला लपत नाही. आता हे मी कुठं शिकलो? सोलापुरात. बसून.

दुसरी गोष्ट उन्हाची. एप्रिल-मेमध्ये इथं पारा 42-43ला जातो आणि हवा कोरडीठक्क. फ्रेटबोर्डचं लाकूड आकसतं, फ्रेटची धातूची पट्टी आकसत नाही. मग तिची टोकं दोन्ही बाजूंना बाहेर येतात आणि हात वरखाली नेताना तळवा सोलून निघतो. दमट गावात डिसेंबरमध्ये झकास वाटलेला बेस आमच्याकडे मे महिन्यात करवत होतो. माझं तर मत आहे की सेकंडहँड बेस उन्हाळ्यातच बघावा. लाकूड आपल्या खोड्या तेव्हाच दाखवतं. नेकच्या कडेवरून बोट फिरवा, खुपलं की कळलं. मग पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथं बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर एकाच वेळी तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर ठीक. बोट जाईल एवढी फट असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा वाक सरळ करणारी सळई) अजून फिरतो का ते विक्रेत्यासमोरच बघा. पाव वळसा द्यायचा, त्याहून जास्त नाही. चार तारांचा मिळून 70 किलोहून जास्त ताण त्या नेकवर चोवीस तास असतो. रॉड आधीच टोकापर्यंत आवळलेला असेल तर नमस्कार करून निघायचं. घ्या, ‘नवशिक्यानं कसं तपासायचं’ हेही सांगून टाकलं. विचारण्याची रीत बरी असती तर आधीच सांगितलं असतं.

मी स्प्लिट पिकअपचा (पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग, इथं तो दोन तुकड्यांचा), बिनबॅटरीचा, चार तारांचा बेस सुचवला त्यावर आपण ‘जुनाट आवड’ म्हणालात. साहेब, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत किंवा गणपतीच्या मांडवात कधी वाजवलंय? दोन पिनचा प्लग, अर्थिंगच्या नावानं शिमगा, वर विजेच्या माळा आणि ट्यूबलाइटचे चोक. फेंडरचाच दुसरा, जॅझ बेस मलाही आवडतो, 1960पासून लोक त्यावर प्रेम करतात ते उगाच नाही. पण त्याचे दोन सिंगल कॉइल (एकेका गुंडाळीचे) पिकअप दोन्ही पूर्ण उघडे असले तरच एकमेकांची घरघर खातात. एकाचा आवाज कमी केला की भुंगा सुरू. प्रिसिजनचा पिकअप 1957पासून दोन तुकड्यांचा आहे, ते तुकडे उलटसुलट जोडलेले असतात, त्यामुळे घरघर तिथल्या तिथं मरते. ही आवड नाही, ही वायरिंग आहे.

आणि अ‍ॅक्टिव्ह बेस (ज्याच्या आत बॅटरीवर चालणारं सर्किट असतं तो) मी घेऊन बघितलाय. स्वतःच्या पैशानं. कार्यक्रमाआधी 2 दिवस केबल जॅकमध्ये तशीच राहिली. जॅक आत असला की आतली 9 व्होल्टची बॅटरी चालूच असते, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. एका जत्रेत तिसऱ्या गाण्याला बेस आधी फाटक्या आवाजात कण्हला, मग गप्प. रात्री 11ला दुकान कुठलं उघडं? शेवटी मांडवाच्या वायरमनच्या मल्टिमीटरमधली बॅटरी काढून घातली. आयोजक काय बोलले ते इथं लिहीत नाही. ज्यानं ही रात्र काढलीय त्याला ‘जुनाट’ म्हणायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? असो.

बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत. शॉर्ट स्केल म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी 34ऐवजी 30 इंच. ज्याची बोटं पोचत नाहीत किंवा जो अजून शाळेत आहे त्यानं जरूर घ्यावा, झालं. पाच तारांचं म्हणाल तर खालची बी तार साधारण 31 हर्ट्झची. स्वस्त बेसवर ती तार नाही, कपडे वाळत घालायची दोरी वाटते. सेटअपला एक अ‍ॅलन की, एक स्क्रूड्रायव्हर आणि धीर लागतो. तिसरी वस्तू काहींकडे नसते, हे प्रतिक्रिया वाचून कळलंच.

अ‍ॅम्पचा विषय वेगळा आहे, त्यावर पुढं कधीतरी. ‘25 हजारांत बेस’ म्हटलं तर ते बेसचेच 25 हजार, हे वाचणाऱ्याला कळतं. मी स्वतः पहिलं वर्ष अ‍ॅम्पशिवाय काढलं. मध्यंतरी घरच्या होम थिएटरला बेस लावला होता, चौथ्या दिवशी स्पीकरचा कोन फाटला आणि भावानं महिनाभर अबोला धरला, पण तो मुद्दा इथं अप्रस्तुत आहे.

आणखी एक. तुमच्या प्रतिक्रियेला चौघांनी अंगठा दाखवलाय. त्यांनाही हेच उत्तर समजावं. आमच्याकडे असल्या बोलण्याला ‘काय बे’ म्हणून उत्तर देतात, मी अख्ख्या लेखात ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ सोडलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

सोलापूरला आलात तर घरी या, राग नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी खाऊ, माझा जुना बेस हनुवटीला लावून बघा. दणक्यात ऐकायचा असेल तर अ‍ॅम्प मात्र तुमचा घेऊन या. माझा दुरुस्तीला आहे.