ओझोनचं भोक म्हणे आपोआप बुजलं

‘ओझोनच्या भोकाचा बागुलबुवा आठवतो का? आता कुणी नावही काढत नाही, कारण ते आपोआप बुजलं. सीएफसी हवेपेक्षा जड, तो वर जाणार कसा? क्लोरीन तर समुद्र आणि ज्वालामुखीच ओकतात. भोक पडलं तेही अंटार्क्टिकावर, जिथे ना फ्रिज ना वस्ती. नवा वायू खपवायला कंपन्यांनी मारलेली ही थाप. तेव्हा घरातल्या कचऱ्यावरून आम्हाला शिकवू नका.’

हा मजकूर अधूनमधून फिरत येतो. लिहिणारा हुशार आहे. जवळपास प्रत्येक वाक्यात शाळेत शिकलेल्या विज्ञानाचा एखादा धागा आहे, म्हणून तो पटतोही.

जड वायूचा, म्हणजे जुन्या फ्रिजमधल्या सीएफसीचा (क्लोरोफ्लुरोकार्बन), मुद्दा आधी निकालात काढू. वजनाप्रमाणे वायूंचे थर लागत असते तर आरगॉन आणि कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचून आपण केव्हाच गुदमरलो असतो. वारा आणि वर चढणारे प्रवाह हवा सतत ढवळत राहतात, त्यात जडही वर जातं. 1975 मध्येच शास्त्रज्ञांनी फुग्यांच्या मदतीने स्थितांबरातली (अतिनील किरण अडवणारा ओझोन असतो त्या उंचावरच्या थरातली) हवा तपासली आणि तिथे सीएफसी सापडले.

ज्वालामुखीचं तसं नाही, तिथे थोडं थांबायला हवं. समुद्राचं मीठ आणि ज्वालामुखीतून निघणारा हायड्रोजन क्लोराइड पाण्यात चटकन विरघळतात, त्यामुळे त्यांचा बहुतेक भाग पावसाबरोबर खाली येतो. सीएफसी पाण्याला दाद देत नाही, पेट घेत नाही, कशाशी फारसा संयोगही करत नाही. फ्रिजवाल्यांना तो आवडला तो याच गुणांसाठी, आणि नडले तेही हेच गुण. सीएफसी-11 हवेत सरासरी 50 वर्षं टिकतो, सीएफसी-12 शंभरेक. वर पोचल्यावर अतिनील किरण त्याचे तुकडे करतात आणि क्लोरीन मोकळा होतो. त्याचा एकेक अणू निकामी होण्याआधी ओझोनचे हजारो रेणू मोडतो. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी हे 1974 मध्येच मांडलं होतं. 1995 मध्ये त्यांना पॉल क्रुट्झन यांच्यासह नोबेल मिळालं.

बरं, वरचा क्लोरीन सीएफसीचाच कशावरून? कारण त्याच्या जोडीने फ्लोरीनही वाढताना उपग्रहांनी टिपला, आणि स्थितांबरात एवढा फ्लोरीन पोचवणारा नैसर्गिक स्रोत नाही. 1991 मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटल्यावर ओझोन जास्त घटला हे खरं आहे. पण तो घटला त्या ज्वालामुखीच्या गंधकयुक्त कणांमुळे. त्यांच्या पृष्ठभागावर आपण आधीच वर पाठवलेल्या क्लोरीनला काम करायला जागा मिळाली.

अंटार्क्टिकाच का, याचं उत्तर थंडीत आहे. वायू सोडला कुठेही तरी दोनेक वर्षांत जगभर पसरतो. पण उणे 78 अंशांखाली वर जे बर्फाचे ढग तयार होतात, ते सर्वांत जास्त तिथल्या हिवाळ्यात. त्या ढगांच्या कणांवर क्लोरीन घातक रूपात तयार होतो आणि वसंतात सूर्य उगवला की ओझोनचा फडशा पाडतो. वसंतातली ही घट ब्रिटिश शास्त्रज्ञ जो फार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये अंटार्क्टिकावरच्या हॅली तळावरच्या नोंदींतून दाखवून दिली.

आता ‘आपोआप’. 16 सप्टेंबर 1987 ला ओझोन मोडणाऱ्या वायूंना आवर घालणारा माँट्रिअल करार झाला, पुढे जगातल्या एकूण एक देशाने तो मान्य केला, सीएफसीचं उत्पादन जवळपास थांबलं आणि मग हवेतलं त्याचं प्रमाण हळूहळू उतरू लागलं. याला आपोआप म्हणायचं तर नळ बंद केल्यावर बादली भरायची थांबते तीही आपोआपच. शिवाय भोक बुजलेलं नाहीच. दक्षिण ध्रुवावर ते दर वसंतात उघडतं. 2022 च्या आंतरराष्ट्रीय आढाव्यानुसार ओझोन 1980 च्या पातळीवर यायला अंटार्क्टिकावर 2066 च्या आसपास उजाडेल, बहुतेक जगात 2040. एप्रिल 2020 मध्ये ‘लॉकडाऊनमुळे भोक बुजलं’ अशी बातमी पसरली, ती उत्तर ध्रुवावर त्या वर्षी झालेल्या घटीची होती. ती भरून निघाली ध्रुवीय भोवरा, म्हणजे ध्रुवाभोवती थंड हवा कोंडून ठेवणारं वाऱ्यांचं कडं, मोडल्यामुळे. लॉकडाऊनचा त्यात काही हात नव्हता.

कंपन्यांची थाप? सत्तरच्या दशकात निर्बंधांना जोरात विरोध करणाऱ्यांत सीएफसीची सर्वांत मोठी उत्पादक कंपनी ड्यूपॉन्टच होती.

राहिला कचरा, आणि इथे मजकूरवाल्याला अर्धे गुण द्यावे लागतील. प्लास्टिक जाळल्याने ओझोनला भोक पडतं, असं आपल्याच बाजूचे लोक बिनदिक्कत सांगतात. ते चूक आहे. तो धूर फुप्फुसाला घातक आहे, ओल्या कचऱ्याचा मिथेन तापमान वाढवतो. पण भोकाशी त्यांचा संबंध जोडू नये. ओझोनशी थेट संबंध असलेला घरचा कचरा म्हणजे जुना फ्रिज आणि जुना एसी. भंगारात तांब्याची नळी कापली की फस्स आवाज येतो आणि वायू निघून जातो, हे दिसतं तरी. दिसत नाही तो भिंतींतला फोम. जुन्या फ्रिजमध्ये तो सीएफसी-11 ने फुगवलेला असायचा आणि बहुतेकदा नळीतल्यापेक्षा जास्त वायू त्या फोममध्येच असतो. फोम फोडला की तो सुटू लागतो.

टाकण्याआधी यंत्रावरची पट्टी वाचा. आर-12 (म्हणजेच सीएफसी-12) किंवा त्याच्याच जातीचा आर-22 लिहिलं असेल तर वायू काढून घेण्याचं यंत्र असलेल्या कारागिराला आधी बोलवा आणि धूड ई-कचरा केंद्राकडे द्या. आर-134ए आणि आर-32 ओझोनला धक्का लावत नाहीत, पण तापमान वाढवतात. माँट्रिअल करारातल्या 2016 च्या किगाली दुरुस्तीने असे वायू कमी करायचं ठरलं आहे. म्हणून तेही हवेत सोडायचे नाहीत.