बसतंय ना? मग झालं!

माझ्याच फोटोंच्या फोल्डरमध्ये जायची मला परवानगी नाही, असं परवा माझ्याच पैशाच्या संगणकाने मला सुनावलं. तेही साडूंसमोर. अपमान गिळायची मला तशी सवय आहे, पण साडूंसमोर झालेला अपमान गिळून संपत नाही. पुढच्या प्रत्येक लग्नकार्यात तो नव्याने ऐकावा लागतो.

काम साधं होतं. जुना डेस्कटॉप मेला, त्यातली ५०० जीबीची हार्ड डिस्क मात्र धडधाकट. ती नव्या डेस्कटॉपात लावायची. एक डेटा केबल, एक पॉवर केबल, चार स्क्रू. या जोडणीला साटा म्हणतात. साटाच्या डिस्का २००३ पासून बाजारात आहेत आणि तेव्हाची डिस्क आजच्या मदरबोर्डालाही चालते. सावकाश चालते, पण चालते.

फक्त ती ठेवायची कुठे? नव्या कॅबिनेटला काचेची भिंत आहे. पुढे तीन पंखे, वर दोन, मागे एक, सगळ्यांना रंगीत दिवे; आत बघितलं की लग्नाचा मांडव लागल्यासारखं वाटतं. साडेतीन इंची डिस्कला जागा म्हणजे तळाशी, पॉवर सप्लायच्या शेजारी, केबलींच्या गुंताड्यात कोंबलेला एक पत्र्याचा पिंजरा. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली, तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. वजन सुमारे एक टन, आणि मावायचं किती, तर ५० लाख अक्षरं. आज मोबाइलवरचा एक फोटोसुद्धा त्यात मावेल की नाही, शंकाच. पण तिला मानाने जागा तरी मिळाली होती. तिच्या नातवंडांना आता दिव्यांच्या पायाशी बसवतात.

साडूभाऊ खरं तर बायकोच्या ताईंना सोडायला आले होते. मी जमिनीवर पालथा पडलेला दिसलो आणि ते निघायचे थांबले.

"टॉर्च मी धरतो," म्हणाले.

साडूभाऊ हातवारे करून बोलतात. त्यामुळे ते बोलायला लागले की उजेड छतावर, पडद्यावर, माझ्या कानात. गप्प असले की स्क्रूवर. स्क्रूवर फारसा आलाच नाही.

"हा घे," त्यांनी डबीतून एक स्क्रू दिला.

"हा बारीक आट्यांचा आहे साडूभाऊ, एसएसडीचा, म्हणजे त्या आत काही न फिरणाऱ्या डिस्कचा. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचे लागतात."

"अरे, जातोय की. बसतंय ना? मग झालं!"

गेला खरा, पण धरेना. नुसता गरागरा फिरत राहिला. साडूभाऊंचा निष्कर्ष असा, की माझा स्क्रूड्रायव्हर हलका आहे.

पॉवर केबल शोधायला मी उठलो, तेवढ्यात त्यांनी अडगळीच्या खोक्यातून जुन्या पॉवर सप्लायची केबल काढून नव्या सप्लायच्या तोंडाशी नेलीसुद्धा. मी झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं. डिस्ककडचं टोक सगळ्यांचं एकच असतं; सप्लायकडच्या टोकाच्या पिना मात्र प्रत्येक कंपनी आपल्या मनाने लावते. जिथे ५ व्होल्ट हवेत तिथे १२ गेले की डिस्क आणि फोटो दोन्ही स्वर्गवासी. हे सगळं मी त्यांना दमात सांगितलं.

"मग बसते कशाला?" साडूभाऊंनी विचारलं.

मला उत्तर आलं नाही. सबंध संध्याकाळीत त्यांनी विचारलेला हा एकमेव शहाणा प्रश्न, आणि तो त्या कंपन्यांना विचारायला हवा. चालत नसेल तर बसू तरी कशाला देता? प्लग निराळ्या आकाराचा करायला काय लाख रुपये लागतात?

योग्य केबल लावली, संगणक सुरू केला. डिस्क दिसेना.

"मेली," साडूभाऊ म्हणाले.

"फिरतेय. हाताला कळतंय."

"फिरतेय म्हणजे जिवंत आहे असं थोडंच? तू फॉरमॅट मार."

"अहो, दिसतच नाही तर फॉरमॅट कशाला मारू?"

"तेच तर म्हणतोय. फॉरमॅट मारलं की दिसेल."

"पण त्यातले फोटो जातील!"

"आत्ता कुठे दिसताहेत?"

या माणसाशी वाद घालता येत नाही, हे त्यांच्या ऑफिसातल्या लोकांनाही माहीत असावं. साडूभाऊंना बढत्या वेळेवर मिळाल्यात.

उत्तर मदरबोर्डाच्या माहितीपुस्तिकेत होतं. एका तक्त्याच्या खाली, मुंगीच्या अक्षरात: दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये (म्हणजे एसएसडी थेट मदरबोर्डावर बसवायच्या खाचेत) एसएसडी असल्यास साटाची ५ आणि ६ नंबरची पोर्टं बंद राहतील. दोघांचा रस्ता आतून एकच, म्हणून एकाने यायचं तर दुसऱ्याने थांबायचं. ठीक आहे. पण पोर्टावर तसं काही लिहिलेलं नाही. ते उघडंच, चकचकीत, केबल खट्कन आत घेणारं. इथेही तेच, बसतंय पण चालत नाही. साडूभाऊंची विचारसरणी या लोकांनी कारखान्यातूनच घालून दिली आहे. आणि ६ नंबर पिंजऱ्याच्या सगळ्यात जवळ, म्हणजे माणूस केबल तिथेच लावणार! २ नंबरला लावायची तर ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखालून हात घालावा लागतो. घातला. मनगटावरचा ओरखडा अजून झोंबतोय.

डिस्क दिसली. साडूभाऊ पडद्याजवळ सरकले.

"४६५ दाखवतोय."

"हो."

"पाचशेची होती ना?"

"हो."

"पस्तीस जीबी गेले की रे! पडून पडून आटली."

मी समजावलं, की कंपनी जीबी मोजते हजाराच्या पटीत, विंडोज मोजते १०२४ च्या पटीत. वस्तू तीच, माप निराळं. साडूभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे आटली नाही, लुबाडलं," म्हणाले. पहिल्या दिवसापासून हीच तक्रार माझीही आहे, पण त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मला कंपनीची बाजू घ्यावीशी वाटली.

मग मी फोटोंच्या फोल्डरवर क्लिक केलं आणि ती सुरुवातीला सांगितलेली पाटी आली.

"फोल्डरवर नाव तर तुझंच आहे," साडूभाऊंनी मोठ्याने वाचलं. मग माझ्याकडे वळून, "मग तू कोण?"

विंडोजच्या लेखी मी कोणीच नाही. ते नावावर जात नाही. प्रत्येक खात्याला एक लांबलचक क्रमांक चिकटवतं आणि त्यालाच ओळखतं. जुन्या संगणकावरचा मी एक, नव्यावरचा मी दुसरा. नाव तेच, पासवर्ड तोच, तरी उपरा. बरं, ही सुरक्षा म्हणावी, तर मग प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड असं आत आत जाऊन मालकाच्या जागी माझं नाव घातलं की तीच डिस्क निमूटपणे उघडते. म्हणजे चोराला चार क्लिक जास्त, आणि मालकाला चारचौघांत "आपण कोण?" फोल्डर उघडेपर्यंत हिरवी पट्टी फायलीमागून फाईल अशी गोगलगायीच्या चालीने सरकत होती, खालून डिस्क कर्र-टक-कर्र करत होती, आणि साडूभाऊ मान डोलवत होते. "बघ, तिलाही पटत नाहीये."

तेवढ्यात ताईंचा फोन आला. "हो हो, निघतोच. जरा किचकट काम होतं, पण लावली आम्ही."

आम्ही!

फोन ठेवून त्यांनी टॉर्च माझ्या तोंडावर मारली. "माझ्याकडेही दोन डिस्का पडल्यात रे. अशा रुंद, चपट्या पट्टीच्या केबलवाल्या."

"ती ४० पिनांची, साडूभाऊ. आयडीई, साटाच्या आधीची जोडणी. आताच्या मदरबोर्डावर ते पोर्टच नसतं."

"रविवारी घेऊन येतो. बघू, बसेल."