खाच पाहून फसू नका

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी डॉग टॅगच्या (सैनिकाच्या गळ्यातल्या धातूच्या ओळखपट्टीच्या) कडेची खाच म्हणजे अस्सलपणाची खूण, असं एका लेखात म्हटलंय. मला ते अजिबात पटलं नाही. ठसा उमटवणाऱ्या यंत्रात पट्टी नीट बसावी म्हणून ती खाच असायची (मृताच्या दातांत अडकवायला, ही नुसती ऐकीव गोष्ट), आणि तशा कोऱ्या पट्ट्या आजही नव्या बनतात.

त्यापेक्षा मजकूर वाचा. सैनिकाचा लष्करी क्रमांक ३ ने सुरू होत असेल तर सक्तीच्या भरतीतला शिपाई, १ असेल तर स्वतःहून आलेला. टी४२ म्हणजे धनुर्वाताची लस १९४२ साली. जवळच्या नातेवाइकाचा पत्ता जुलै १९४३ पासून गाळला गेला. म्हणून टी४४ आणि पत्ता एकाच पट्टीवर दिसले, तर मी ती घेत नाही.

व्हिएतनाममधल्या हो चि मिन्ह शहरात एका टपरीवर मला व्हिएतनाम युद्धातला, '१९६६ चा' म्हणून टॅग विकला गेला. त्यावर नऊ आकडी सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) होता. अमेरिकी लष्करात सैनिकाचा क्रमांक म्हणून तो लागू झाला जुलै १९६९ मध्ये! त्या ढिगातले सगळेच टॅग सारखेच गंजलेले होते, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. कुणा खऱ्या जवानाच्या नावाशी असा खेळ होतो, याचा फार राग येतो.